पासबुक, पगार स्लिप आणि कायदा: सोलापूरच्या कामगाराने हक्काचा पैसा कसा मिळवायचा

सोलापुरात कामगाराचा दावा फसतो तेव्हा कायदा कमी पडला असे फार वेळा नसते. मालक शांतपणे सांगतो, "ही बाई माझ्याकडे कामालाच नव्हती," आणि त्यावर पुढे करायला हातात काहीच नसते. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. त्या काळात हजेरीपट होता, भोंगा होता आणि कोण कुठे कामाला आहे हे गल्लीला ठाऊक असायचे. गिरण्या बंद पडल्या, काम पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, शिलाईच्या खोल्यांत आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर आले. गिरणीतला कागद मात्र वाटेतच राहिला.

म्हणून हा लेख कलमांच्या क्रमाने लिहिलेला नाही. आधी पुरावा, मग हिशेब, मग अर्ज असा क्रम ठेवला आहे. तुमचे काम आत्ता सुरू असेल तर पहिले दोन भाग नीट वाचा. काम सुटले असेल तर सरळ अर्जाच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

आधी कायदा कोणता ते पाहू

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. किमान वेतन कायदा, बोनस कायदा, ग्रॅच्युइटी कायदा, १९६६ चा विडी कामगार कायदा ही नावे लोकांच्या तोंडी अजून आहेत आणि पुढेही राहतील, पण अर्जात आता संहितेचे नाव लिहा. जुन्या कायद्यांखालचे नियम आणि दर, नव्याशी विसंगत नसतील तोवर आणि नवे येईपर्यंत चालू राहतात. त्यामुळे "कायदाच रद्द झाला, आता जुना दर मागू नका" असे कुणी म्हटले तर विश्वास ठेवू नका.

सोलापूरकरासाठी सर्वांत कामाची गोष्ट वेतन संहितेत आहे. वेतनाच्या तरतुदींना कामगारसंख्येची अट नाही. चार मागांच्या शेडमधला कामगारही किमान वेतन मागू शकतो. बाकीच्या हक्कांना मात्र आकडा लागतो. ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटीला (काम सुटल्यावर सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) १०, फंडाला (भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ) आणि बोनसला २०. म्हणूनच एकाच मालकाच्या तीन शेड बायको, भाऊ आणि मुलगा यांच्या नावावर दाखवण्याची पद्धत पडली आहे. एकाच आस्थापनेचे विभाग वेगवेगळ्या जागी असले तरी कायदा ते एकच धरतो. पण ते एकच आहेत हे दाखवावे लागते. पगार एकाच हाताने मिळतो, सूत एकाच गोदामातून येते, मागांची देखभाल करणारा जॉबर तिन्ही शेडमध्ये फिरतो, अशा खुणा टिपून ठेवा.

घरी विडी वळणाऱ्या बहिणींना अजूनही ऐकवले जाते, "तुम्ही घरी काम करता, तुम्ही कामगार कसल्या?" याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच देऊन ठेवले आहे. घरी बसून विडी वळणारी व्यक्तीही फंडाच्या कायद्याखाली कर्मचारीच आहे. वाद निघाला की एवढे एक वाक्य पुरते.

पहिली पायरी: काम सुरू असतानाच पुरावा जमवा

दहा किंवा जास्त कामगार असतील तर प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, आधीपासून कामावर असणाऱ्यांनाही. पगार स्लिप द्यावीच लागते, मग पगार रोख मिळो किंवा खात्यावर. रोखीने पगार देणे बेकायदेशीर नाही, पण रोखीत दिला म्हणून स्लिप चुकत नाही.

कायद्यात असे असले तरी अनेक शेडमध्ये दोन्ही मिळत नाही आणि मागितले की मालकाचा चेहरा बदलतो. म्हणून समांतर पुरावा आपणच तयार करायचा. साधी वही घ्या. रोज तारीख, पाळी, किती माग चालवले, किती मीटर किंवा किती नग निघाले आणि आठवड्याला किती पैसे हातात आले, एवढे लिहा. रोजच्या रोज लिहिलेली वही आणि भांडण झाल्यावर एका बैठकीत लिहिलेली वही यांतला फरक अधिकाऱ्याला शाई बघूनच कळतो.

यूपीआयने पैसे आले असतील तर बँकेचे उतारे काढून ठेवा. मालकाचे किंवा मुकादमाचे "उद्या रातपाळीला ये" असे मेसेज पुसू नका आणि फोन बदलताना ते आधी दुसरीकडे साठवा. दसऱ्याला कारखान्यात यंत्रपूजा होते, तेव्हाचा सगळ्यांसोबतचा फोटो हासुद्धा पुरावाच आहे. गेटपास, ईएसआयचे कार्ड, मालाच्या चिठ्ठ्या, सगळे एका पिशवीत राहू द्या.

विडी कामगारांकडे पासबुक असते, आणि माझ्या मते पूर्व भागातल्या घरातला तो सगळ्यांत मोलाचा कागद आहे. अडचण अशी की ते बरेचदा कारखान्यातच ठेवून घेतात. दर महिन्याला त्याच्या भरलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पान किती मिळाले, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट (खराब म्हणून रद्द केलेल्या विड्या) किती काढली, हे सगळे त्यात दिसले पाहिजे. छाट काढताना नोंद होत नसेल तर आपल्या वहीत लिहा. कच्चा माल आणि रद्द केलेल्या विड्यांची मजुरी यांवरचे वाद इतके जुने आहेत की १९६६ च्या कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूदच करावी लागली होती.

विडी कामगाराचे ओळखपत्रही काढून ठेवा. मुलांच्या शिष्यवृत्तीला आणि केंद्र सरकारच्या विडी कामगार दवाखान्याला ते लागते.

दुसरी पायरी: मजुरीचा हिशेब स्वतः करा

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन तुकडे असतात: मूळ दर आणि महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता. भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. मालक मूळ दरावर बोट ठेवून "सरकारी दर देतोय की" म्हणतो, तेव्हा भत्ता गिळलेला असतो. दरपत्रक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पाहायला मिळते. आपल्या उद्योगाचे पान शोधा, कुशल, अर्धकुशल की अकुशल ते पाहा आणि चालू सहामाहीचा भत्ता त्यात मिळवा.

नगावर काम करणाऱ्यांनी पुढचा मुद्दा लक्षात ठेवावा. विडीला हजारी दर ठरलेला असतो. पण जिथे नगाचा किमान दर सरकारने ठरवलेला नाही, फक्त दिवसाचा ठरवला आहे, तिथे नगाचा हिशेब काहीही निघो, दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. आणि दिवसावर नेमलेला कामगार हजर असूनही मालकाने काम दिले नाही म्हणून बसून राहिला, तर पूर्ण दिवसाची मजुरी देय होते. कामगाराची काम करायची तयारी नसेल तर अर्थातच नाही.

कामाचे तास दिवसाला आठ, आठवड्याला ४८. त्यावर काम झाले तर दुप्पट दराने. यंत्रमागावर बारा तासांची पाळी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी ओव्हरटाइम म्हणतच नाही. वहीत पाळीची सुरुवात आणि शेवट लिहायला सांगितले ते याचसाठी.

पगार कधी? आठवडी असेल तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडले किंवा काढले तर दोन कामाच्या दिवसांत सगळी मजुरी चुकती. "पुढच्या बाजारी ये, मग बघू" याला कायद्यात जागा नाही.

बोनस वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के. वर्षात ३० दिवस काम केले असेल तरी पात्रता येते. दिवाळीला मिळणारी मिठाई आणि पाकीट ही वेगळी गोष्ट. ती बोनसच्या खात्यात धरली आहे का, ते विचारून घ्या.

उचल

यंत्रमागावरचा खरा गळफास हाच. लग्नाला, दवाखान्याला किंवा जुन्या मालकाची बाकी फेडायला नव्या मालकाकडून पैसे घेतले जातात, आणि मग माणूस त्या शेडला बांधला जातो. कायद्याने उचलीची वसुली पगारातून करता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. दंडाला तर आणखी कडक मर्यादा आहे. त्या पगारकाळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच दंड, आणि तोही कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

उचल बाकी आहे म्हणून कुणाला दुसरीकडे जाऊ न देणे, आधार कार्ड किंवा बँकेचे पुस्तक अडकवून ठेवणे, घरच्यांना कामाला बसवणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. अशी तक्रार कामगार कार्यालयात न देता जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे द्या. उचल घेताना एक करा: किती घेतली आणि दर आठवड्याला किती कापली, याची सही असलेली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी ठेवा. पुढे "तुझ्याकडे अजून चाळीस हजार बाकी आहेत" हा आकडा कुठून आला, हे मालकालाच सांगावे लागेल.

तिसरी पायरी: फंडाचे पुस्तक उघडून बघा

फंड कापला जातो हे माहीत असते, तो भरला जातो का हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. यूएएन (फंडाच्या सदस्याचा कायमचा क्रमांक) मागून घ्या, मोबाइल आधारला जोडा आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा.

पासबुकात तीन रकाने दिसतात: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन. साधारणपणे दोघांचा दर १२ टक्के, विडी उद्योगात मात्र १० टक्के. समजा विडी कामगार बाईची महिन्याची मजुरी ६,००० रुपये आहे. तिचे ६०० आणि मालकाचे ६००. मालकाच्या ६०० मधले साधारण ५०० पेन्शनला जातात आणि १०० तिच्या फंडात दिसतात. मालकाने पाचशे खाल्ले असे वाटून अनेक जणी घाबरतात. ते पैसे पेन्शनच्या रकान्यात असतात. तो रकानाही रिकामा असेल, तर तक्रार करायची.

दुसरी मोठी अडचण नावाची. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत आडनाव कधी आधी तर कधी नंतर लागते. आधारवर लक्ष्मी, कारखान्यात लक्ष्मीबाई, माहेरच्या कागदावर लक्ष्मव्वा. जन्मतारीख तर कारखान्यातल्या कारकुनाने अंदाजानेच टाकलेली असते. नोकरीवर असताना ही दुरुस्ती बरेचदा मालकासोबतच्या संयुक्त घोषणापत्राने होते. निवृत्तीच्या वेळी कारखाना बंद पडलेला असला तर सही कुणाची आणायची, इथे येऊन काम अडते. आजच नाव, वडील किंवा पतीचे नाव आणि जन्मतारीख तपासा. वारस नोंदवला आहे का तेही बघा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर फंडाशी जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत वारसाला मिळतात.

काम बदलताना फंड काढून मोकळे व्हायचा मोह आवरा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि खाते वळवले तर जुनी वर्षे जोडली जातात. किमान पेन्शन महिना हजार रुपये आहे. ही रक्कम थट्टा वाटावी इतकी कमी आहे, त्याबद्दल दुमत नाही. तरी मागे विधवेला पेन्शन लागते, म्हणून दहा वर्षांच्या उंबरठ्यावर असताना सेवा मोडू नका.

पैसे कापले पण भरले नाहीत, तर सोलापूरच्याच फंड कार्यालयात किंवा त्यांच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. नव्या संहितेत जुन्या थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा आहे, म्हणून "निवृत्त झाल्यावर बघू" म्हणणे महागात पडेल.

चौथी पायरी: काम सुटल्यावर ग्रॅच्युइटी

सलग पाच वर्षे सेवा झाली की दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते. महिन्याच्या पगारावर असाल तर शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. नगावर असाल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढतात, ओव्हरटाइम वगळून.

समजा, तीन महिन्यांत ७८ दिवस काम केले आणि ३७,४४० रुपये मिळाले. रोजचे ४८० झाले. पंधरा दिवसांचे ७,२००. सेवा १० वर्षे ८ महिने असेल तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ११ वर्षे. एकूण ७९,२०० रुपये. हा आकडा अर्जात लिहाच. "नियमाप्रमाणे द्यावे" असे लिहिलेल्या अर्जाला उत्तरही तसेच गुळमुळीत येते. मालकाने ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. उशीर झाला तर व्याज लागते.

मध्येच दोन महिने गावाकडे गेलात म्हणून सेवा तुटली, असे ऐकवले जाईल. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष सलग धरतात.

पाचवी पायरी: अर्ज

कुठे जायचे हे आधी ठरवा. कारखाना, यंत्रमाग, दुकान, विडी यांच्यासाठी सोलापूरचे सहायक कामगार आयुक्त कार्यालय. रेल्वे, बँक, विमा आणि एनटीपीसीसारखे केंद्र सरकारचे उपक्रम, तसेच तिथले ठेकेदारी कामगार, यांचा विषय केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पावर ठेकेदाराकडे असलेल्यांनी चुकीच्या टेबलावर चकरा मारू नयेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला ती द्यावी लागते, म्हणून अर्जात दोघांचीही नावे घाला.

अर्ज साध्या मराठीत चालतो. नमुना असा:

"मा. सहायक कामगार आयुक्त, सोलापूर यांस. मी (नाव, पत्ता, फोन) हे (कारखान्याचे नाव, पत्ता, मालकाचे नाव) यांच्याकडे (तारीख) पासून (काम) करीत होतो. माझी मजुरी आठवड्याला सरासरी (रक्कम) होती. (तारीख) ते (तारीख) या काळात किमान वेतनापेक्षा (रक्कम) कमी देण्यात आली. (तारीख) रोजी काम बंद केल्यावर शेवटची मजुरी (रक्कम) व ग्रॅच्युइटी (रक्कम) दिलेली नाही. हिशेबाचा तक्ता व पुराव्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वेतन संहिता, २०१९ आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार ही रक्कम, व्याज व भरपाई मिळावी, ही विनंती."

दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच. मूळ कागद कधीच देऊ नका. मजुरीच्या दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे; पूर्वी ती कितीतरी कमी होती. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर अनेक कामगार मिळून एकच अर्ज देऊ शकतात, किंवा नोंदणीकृत युनियन तुमच्या वतीने देऊ शकते.

मजुरी दिली की नाही, हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. तुम्ही कामाला होता एवढे दाखवा, पैसे दिल्याचा पुरावा त्याने आणायचा. प्राधिकाऱ्याला थकीत रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देता येते. इतकी क्वचितच मिळेल, पण मागायला हरकत नाही. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते.

नव्या व्यवस्थेत निरीक्षकाचे नाव निरीक्षक-तथा-सुलभकर्ता झाले आहे, आणि पहिल्या चुकीला खटल्याआधी सुधारणेची संधी मिळते. माझ्या मते यामुळे मालकांवरचा धाक कमी झाला आहे. म्हणून लेखी तक्रारीला पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१०० हा क्रमांक आहे.

अपघात झाला तर

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर "आमच्या शेडला दुसरा दरवाजा आहे का" हा प्रश्न तरी विचारला जाऊ लागला. सुरक्षेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायची.

ईएसआयचे विमाधारक असाल तर उपचार आणि भरपाई तिकडूनच. कामगार विमा रुग्णालयात अपघात कामावर झाल्याचे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. "घरी पडलो" असे सांगायला लावले जाते, ते करू नका. ईएसआय नसेल तर मालकाने भरपाई द्यायची. मृत्यूसाठी महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असे सूत्र आहे. नव्या संहितेत कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, यात येतो. दाव्याला दोन वर्षांची मुदत.

कामावरून काढले तर

तोंडी काढले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर जा, आत घेतले नाही तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र टाका: "मी कामाला तयार आहे, मला येऊ दिले जात नाही." नाहीतर पुढे "तो स्वतःच सोडून गेला" असे ठोकून दिले जाते. तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांनंतर तडजोडीची दारे बंद होतात.

बाईला त्रास देऊन काम सोडायला लावले असेल तर तो विषय वेगळा आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या शेडमधल्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत जाते.

तडजोडीच्या टेबलावर मालक बहुधा अर्ध्या रकमेचा चेक पुढे करतो आणि सोबत एक टाइप केलेला कागद ठेवतो. तो कागद तिथल्या तिथे सही करू नका, फोटो काढून घरी आणा. "मजुरी, ग्रॅच्युइटी, बोनस व इतर सर्व देणी पूर्ण मिळाली, यापुढे कोणताही दावा राहणार नाही" अशी ओळ असेल, तर ज्या रकमा मिळाल्या त्या आकड्यांनिशी लिहायला लावा आणि उरलेल्या मागण्या खाली वेगळ्या नोंदवा. वाचता येत नसेल तर अधिकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मराठी समजायला जड जात असेल तर तेलुगू किंवा कन्नड समजणारा आपला माणूस सोबत घेऊन जा. चेक वटल्यावरच मूळ अर्ज मागे घ्या.